दहा यार्डांची साखळी

एकतीस वर्षं साखळीचं हे टोक मी धरलं,
ते टोक व्हर्डेलनं.
मध्ये दहा यार्ड, म्हणजे तीस फूट.
माणसामाणसातलं अंतर कधी फुटांत मोजायची वेळ येईल
आणि त्या कामात आम्ही दोघं आधीच तरबेज असू,
हे ओहायोत कुणाला ठाऊक होतं?

या शनिवारी फाटकावर माझं कपाळ मोजलं.
अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. जा आत.
आत बारा हजार खुर्च्या, दोनशे सहा माणसं,
सगळे आईबाप, दोनदोनच्या पुंजक्यांनी,
मका कापून नेलेल्या रानात
चार ताटं चुकून उभी राहावीत तसे.
बँड नाही. सॉसेजच्या धुराचा वास नाही.
दरवर्षी मला आंधळा म्हणणारा
चौथ्या रांगेतला दंतवैद्य, तोही नाही.
त्याची आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

मग ऐकू येऊ लागलं.
खांद्यावर खांदा आदळतो तेव्हा
ओल्या गादीवर काठी हाणल्यासारखा आवाज होतो,
मला माहीतच नव्हतं.
बावन्न नंबर प्रत्येक खेळीआधी काही पुटपुटतो.
मला वाटलं प्रार्थना. आम्लांची नावं होती,
सोमवारी परीक्षा.
कोच मास्क हनुवटीवर ओढून शिव्या घालतात,
त्या रिकाम्या पायऱ्यांवर आपटून
त्यांच्याच कानांत परत येतात,
आणि ते मास्क वर घेतात.

तिसऱ्या क्वार्टरात थॅडियस चौघांखाली गेला.
चौघे उठले. तो नाही.
पूर्वी अशा वेळी बारा हजार लोक एकदम गप्प व्हायचे,
केवढी मोठी वाटायची ती शांतता.
आता गप्प व्हायलाही कुणी नव्हतं.
डॉक्टर गुडघे टेकून हातमोजे चढवत होते,
तेवढ्यात एकतिसाव्या रांगेतून
एक बाई बोलली. ओरडून नाही,
स्वयंपाकघरातून जेवायला बोलवावं तशी:
"डावा पाय हलव बघू, पीनट."
एकशे तीस किलोचा पोरगा,
आणि घरचं नाव पीनट.
बावीसच्या बावीस जणांनी ऐकलं.
पाय हलला.
कुणी हसलं नाही. समोरच्या संघातला एक जण
खाली वाकून त्याच्या बुटाची नाडी बांधू लागला,
उगाच, बराच वेळ.

शेवटी शेवटी पंचांनी आम्हाला आत बोलावलं.
चौथा डाऊन, डोळ्यांनी ठरेना.
व्हर्डेलच्या टोकाला यंदा ग्रंथालयातल्या आर्डिथबाई,
पुस्तक धरावं तशी काठी धरणाऱ्या.
रेडिओवर रोज सांगतात, साखळी तोडा, साखळी तोडा.
आम्ही ती ताणली.
ताणली की ती टणकन वाजते.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.
चेंडू कमी पडला होता.
ना कुणी हळहळलं, ना कुणी नाचलं.
क्वार्टरबॅकनं फक्त मला विचारलं, "खरंच?"
वीस वर्षांचं पोर.
मी म्हटलं, खरंच.

गाडीत बसून व्हर्डेलला फोन लावला.
त्याच्या नाकातल्या नळीचा फुसफुस आवाज आधी आला,
तो नंतर.
"गर्दी जबरदस्त होती रे आज!"
रेडिओवाले मागच्या वर्षीचा गोंगाट खाली वाजवतात,
हे त्याला कुणी सांगितलं नसावं.
होती, मी म्हटलं.
"माझं टोक कुणी धरलं?"
आर्डिथनं.
"तिला म्हणावं, काठी सरळ धर. सैल सोडते ती."
मग थोडा वेळ नुसती नळीच.
"आणि चेंडू? कितीनं हुकला?"

मी अंगठा आणि बोट
फोनसमोर धरलं.
"एवढ्यानं," म्हणालो.

पलीकडे तो थांबला,
नीट पाहून घेत असावा तसा.
"एवढ्यानंच?"

बोटं मी तशीच धरून ठेवली.