दोराचा हिशेब

ऑरोरबाईंच्या घरी मी चौथ्यांदा आलोय.
खांबावर चढलो, उतरलो,
पेटी उघडली, टोकं पुसली, मीटर लावला.
पन्नास म्हणून विकलं होतं, सत्तेचाळीस येतंय.
तार बिचारी निर्दोष आहे.

"मग रोज आठ वाजता होतं काय रे, लूसियन?"
बाई विचारतात, तव्यावर बकव्हीटचं
पिवळं धिरडं घालत.
एकाच बाजूनं भाजायचं, उलटायचं नाही,
अशी इकडची रीत.

आठ वाजता काय होतं ते मला ठाऊक आहे.
इथे आठ वाजतात तेव्हा नदीपलीकडे नऊ.
पलीकडे कॅनडा, आणि झेलिया, धाकटी बहीण,
जिच्या धुराड्याचा धूर या खिडकीतून दिसतो.
दोघी कानाला जुना फोन लावून
एक, दोन, तीन म्हणत एकदम बटण दाबतात.
पहिली सात मिनिटं
मधे नदीही नसते.

मग इकडे ते वर्तुळ.
पडद्यावर पाद्री तोंड वासून थांबलेला,
आणि फोनमधून झेलियाचं खो-खो हसू.
हसू आधी, विनोद मागून.
वरातीमागून निदान घोडं तरी येतं,
इथे कधी कधी
तेही वाटेत बसून राहतं.

खरं सांगू?
बिघाड या घरात नाही. या गावात नाही.
चारशे मैल दक्षिणेला, खिडक्या नसलेल्या एका इमारतीत
दोन लोखंडी कपाटं समोरासमोर उभी आहेत,
एक मालिकावाल्यांचं, एक आमचं.
मधे हातभर केबल.
आमचे साहेब म्हणतात: एवढा लोंढा तुम्ही सोडता,
दार रुंद करायचा खर्च तुमचा.
ते म्हणतात: लोंढा कसला,
तुमच्याच गिऱ्हाइकानं मागवलेलं आहे,
आणि त्याचे पैसे तुम्ही कधीच घेतलेत.
दोघांचंही थोडं थोडं खरं आहे,
म्हणून तर मिटत नाही.

आडात भरपूर आहे.
पोहराही धड आहे.
भांडण दोराचं.

फ्रिजवर, लॉबस्टरच्या आकाराच्या चुंबकाखाली, दोन बिलं.
आमच्यात एक नवी ओळ:
नेटवर्क सुधारणा, तीन डॉलर नव्याण्णव.
त्यांच्यात दोन डॉलर वाढ,
'अधिक चांगल्या अनुभवासाठी'.
बाईंनी दोन्हींवर पेन्सिलीनं बरोबरची खूण केली आहे,
तीस वर्षं कागद गिरणीत हजेरी मांडलेल्या हातानं.
एकाच दोराचे दोनदा पैसे मोजले.
दोर अजून दुकानात.

माझ्या फॉर्मवर चार चौकोन आहेत.
तार सदोष. हवामान. ग्राहकाचे उपकरण जुने.
दोष आढळला नाही.
तिसऱ्यावर खूण करायची, असं सोमवारच्या बैठकीत सांगितलंय,
म्हणजे राऊटरही विकता येतो.
मी चौथ्यावर करतो आणि
आपण फार मोठं काहीतरी केलं असं
गाडीपर्यंत जाताना वाटून घेतो.

आज जाता आलं नाही. धिरडं पुढ्यात आलं, वर लोणी,
आणि आठ वाजले.
एक, दोन, तीन.
सहाव्याच मिनिटाला वर्तुळ.
बाईंनी ते जरा वेळ बघितलं,
दूध उतू जाईल का बघावं तसं.
मग म्हणाल्या, "झेलिया, थांबव गं तुझं. तूच सांग."
आणि खुर्ची टीव्हीकडे पाठ करून फिरवली.

झेलिया सांगू लागली.
पाद्र्याचा आवाज काढला, विधवेचा काढला,
मधेच स्वतःच्या गुडघ्याचं सांगितलं, परत पाद्री.
बाई डोळे मिटून हसत होत्या,
वेळेवर.

हे सगळं येत होतं तांब्याच्या तारेतून,
माझ्या काकानं ओढलेल्या.
तिला कुठे अडकायचं माहीत नाही.
ऑक्टोबरमध्ये कापायच्या तारांच्या यादीत
तिचा नंबर अकरावा.

मी काही बोललो नाही.
दुसरं धिरडं घेतलं.