दोन चाकांमधलं दार

पान बारा. लांबी साडेसात मीटरहून थोडी जास्त,
वजन साडेतेरा टन, चाकं आठ, आठांनाही जोर.
हे सगळं रशियनमधून किर्गिझमध्ये आणायचं,
पानामागे दीडशे सोम,
छावणीतल्या नव्या पोरांसाठी,
ज्यांना रशियन आता शिव्यांपुरतीच येते.

बालिक्चीत जानेवारी. सरोवर गोठत नाही,
आमचा नळ गोठतो.
बाबा चुलीपाशी लगामाची वादी शिवत बसलाय.
घोडा विकून तीन वर्षं झाली.
"कुठवर आलीस?"

टायरपर्यंत.
चालकाच्या हाताशी एक झडप असते,
डांबरी रस्त्यावर हवा भरायची, वाळू लागली की सोडायची,
गाडी न थांबवता, बूड न हलवता.
गोळीनं भोक पडलं तरी आतून हवा येतच राहते.
"भोक मोठं की हवा मोठी,
एवढाच हिशेब," बाबा म्हणतो.
एक चाक निकामी झालं तरी गाडी चालते.
दोन झाली तरी.
"आणि तीन?"
पुस्तिका याबद्दल गप्प आहे.

पान एकोणीस. पाण्यातला वेग ताशी नऊ किलोमीटर.
नाकापुढची फळी उभी करावी,
तळाची बुचं बसवल्याची खात्री करावी.
"बुचं!" बाबा इतका हसतो की सुई बोटात घुसते.
याच सरोवरात, सरावाच्या दिवशी,
सार्जंट नुरदोलोत बूच खिशातच विसरला.
काठापासून वीस हातांवर गाडी बुडाली बुरुजापर्यंत,
आणि हा बुरुजावर उकिडवा,
दोन्ही बूट हातात धरून,
जसा कुणाच्या दारात आत बोलावण्याची वाट पाहतोय.

मीही हसते. चहा ओतते.
पान सत्तावीस मग सहज वाचते, मोठ्यानं:
बाजूचं दार दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकाच्या मध्ये.
दोन झडपांचं. वरची पुढे उघडते,
खालची खाली पडून पायरी होते.
चालत्या गाडीतूनही उतरता येतं.

सुई थांबते.
"पायरी होते?"
होते, असं लिहिलंय.

"आमच्या गाडीला चुलीच्या तोंडाएवढं भोक होतं.
कोट निघाला तर पट्टा अडकायचा,
पट्टा सुटला तर बंदूक.
आत जागा दहांची, आणि दहाही आम्ही छपरावर,
गाद्या बांधून, बाजारातनं उचललेले गालिचे बांधून.
वर गोळी, खाली सुरुंग.
गोळी एकाला लागते."

वादीला एक टाका. दुसरा.
"मेलिसचा कान दुखत होता.
वारा लागतो म्हणून तो आत बसला."

पुढे काही नाही. मी विचारत नाही.
लहानपणी मला कळायचं नाही
बाबा बसमध्ये कायम दारापाशी उभा का राहतो,
रिकाम्या बसमध्येसुद्धा.

उतरणे. या क्रियापदाशी मी अडले आहे.
रशियन शब्द लष्करी आहे, ताठ, बटणं लावलेला.
आमच्याकडे घोड्यावरून उतरण्याचा शब्द आहे,
त्यात पाहुणा येतो, लगाम धरणारा येतो,
घाई अजिबात नाही.
तरी तोच लिहिते.

"दाराची रुंदी किती?" बाबा विचारतो.
पानं उलटते. सगळ्याची मापं आहेत,
चिलखताची, तोफेच्या नळीची, चाकांमधल्या अंतराची.
दाराचं माप नाही.
तो अर्धी शिवलेली वादी उचलतो,
स्वतःच्या खांद्यांवरून मागे टाकतो, पुढे ओढतो,
कोट घालून पुन्हा तेच करतो,
आणि जिथं टोकं जुळतात तिथं नखानं खूण करतो.

मी पानाच्या तळाशी एक ओळ घालते:
प्रत्येकाने एकदा जाड कोट घालून,
डोळे मिटून, या दारातून उतरून पाहावे.
मूळ पुस्तिकेत ही ओळ नाही.
तिचे पैसे मिळणार नाहीत.

पान अठ्ठावीस.
हीटर. आत बसणाऱ्यांच्या उबेसाठी.