तितराची साद

दिघीच्या पलीकडे, दगडखाणीच्या काठाला
ही वस्ती. तीनशे बावीस दारं.
कमानीवर नाव नगरसेवकाचं.

सुरमलचं कुठंच नाही.
त्याच्याकडं घोड्याच्या केसांचे फास होते,
पिंजऱ्यात एक शिकवलेलं तितर,
आणि चौकीवरची हजेरी चुकल्याची धास्ती.

उन्हाळा होता. पुण्यातून हाकललेली
सतरा माणसं मागं माळावर बसलेली.
तो एकटा पुढं. तिन्हीसांजेला बघतो तर
रानतितरं एकामागून एक
एकाच घळीत उतरतायत.

तितर उगाच उतरत नाही.

फास खांद्यावरच होते. मांडले नाहीत.
उपाशी बसून राहिला, पार अंधारेपर्यंत,
मग मातीत हात घातला कोपराएवढा,
ओल लागली,
आणि तोंडानं तितराची साद घातली
माणसांना.

घळीवर आता सिमेंट आहे.
नळाला पाणी रात्री अडीचला, तेही दिवसाआड.
त्याची नात झुंबरी आधी उठते.
दारं वाजवत नाही ती.
गल्लीच्या तोंडाशी उभी राहून
तितरासारखी ओरडते,
आणि हंडे वाजायला लागतात.

समोरच्या टॉवरात, बाराव्या मजल्यावर,
नव्यानं आलेलं कुणी कूस बदलत म्हणतं,
इथं अजून पक्षी आहेत.