तरफेच्या तारा

दुपारी पटाशी निसटली.
तबलीवर वेल कोरता कोरता
अब्बांच्या डाव्या अंगठ्याला अठरा मिलिमीटर.
मोजलं मी. लॅबची सवय.

आमच्या मिरजेच्या गल्लीत जखमेला जखम म्हणत नाहीत,
"हत्यारानं चव घेतली" म्हणतात.

लाखेचा वास. आढ्याला टांगलेले भीमेकाठचे भोपळे.
मी गॉज दाबून बसलेली,
कारण सोडलं की हे परत तूण तासायला जाणार.

"आत काय चाललंय गं आता?"
फोडणीचं विचारावं तसं विचारलं.

मग सांगितलं.
रक्त थांबवायला धावलेल्या प्लेटलेटांनी
आपल्या पिशव्या एव्हाना रिकाम्या केल्या असतील.
त्यांतून निघाले ग्रोथ फॅक्टर,
निरोपे म्हणा, इतके बारीक
की माझ्या सूक्ष्मदर्शकालाही दिसायचे नाहीत.
जखमेच्या काठावर पेशी बसल्यात,
खाऊनपिऊन गप्प,
कित्येक दिवसांत एकीच्या दोन झालेल्या नाहीत.
निरोप्या त्यांच्या दाराशी येतो.

"आणि आत जातो."

नाही, अब्बा. दारातच काम होतं.
पेशीच्या कातडीत रिसेप्टर रोवलेले,
अर्धे बाहेर, अर्धे आत.
त्यानं बाहेरून दोघांना जवळ ओढलं
की आतली टोकं एकमेकांना फॉस्फेट चिकटवतात,
आणि निरोप सुटतो हातोहात,
या प्रथिनाकडून त्या प्रथिनाकडे,
पार केंद्रकापर्यंत,
जिथं दोन मीटर डीएनए गुंडाळून ठेवलाय
आणि पुष्कळशी पानं मिटलेली.

अब्बा बोलले नाहीत.
शेजारची सतार ओढली उजव्या हातानं,
धारवाडच्या गिऱ्हाइकाची, पॉलिश व्हायची होती अजून,
आणि बाजाच्या तारेवर नखाचा एकच टोला.

पडद्यांच्या खाली, अंधारात,
तरफेची एक तार थरथरली.
तिला कुणी शिवलं नव्हतं.
शेजारच्या गप्प.

"असं?"

दोन वर्षं एम.एस्सी. केलं मी कोल्हापुरात,
फळाभर बाण काढले.

असंच, अब्बा. जिचा सूर लावून ठेवलाय तीच.
पहिली जनुकं पंधरा मिनिटांत जागी होतात,
आपलं बोलून तासाभरात परत निजतात.
त्यांच्या बोलण्यानं दुसरी उठतात,
वाढीचा हिशेब त्यांच्याकडे.
मग पेशी फुगते, डीएनएची नक्कल काढते,
उद्या रात्रीपर्यंत एकीच्या दोन.

"थांबतं कधी?"

गॉज उचलून पाहिलं उगाच.
काठ काठाला भेटला,
चहूबाजूंनी शेजार लागला, की.

एवढंच सांगितलं.
सकाळची स्लाइड सांगितली नाही.
स्त्री, बावन्न, मुक्काम जत.
पेशीभोवती तपकिरी कडी, दाट,
रिसेप्टरांना रिसेप्टर खेटलेले,
बाहेर निरोप्या नाही, बोलावणं नाही,
आणि तरफ वाजतेय, वाजतेच आहे,
शेजाऱ्यांच्या अंगावर चढून.
डॉक्टर म्हणाले, थ्री प्लस.
मी टाईप केलं.

अब्बा अंगठा वर धरून जवारीला बसले.
घोडीवर कानस. ऐकणं. कानस. ऐकणं.
"घासायला पोरगं महिन्यात शिकतंय," म्हणाले,
"पण कुठं हात उचलायचा..."
तेवढ्यात धारवाडचा फोन आला.

नवव्या दिवशी पट्टी निघाली.
गुलाबी रेघ, किंचित उंच.
अब्बांनी ती खुंटीवर घासून पाहिली,
भुवई वाकडी केली, लागले कामाला.

मी लॅबला निघाले.
जतच्या सुमित्राबाई दहाला येणार होत्या,
नव्या इंजेक्शनचं विचारायला.
ते रिसेप्टरवर जाऊन बसतं.
त्यांना कसं सांगावं, एसटी स्टँडपर्यंत जुळवत होते:
बाई, वाजत्या तारेवर
तळवा ठेवतो ना आपण.