कोमट पाणी

यंदा आज्ञागुरुवारी बाराजणांच्या यादीत
फादर एल्टननं मला न विचारता माझं नाव घातलं.
फादर कसला, आमच्या मरोळ गावठाणातला एल्टू.
पोलिओचा डोस मीच पाजलेला, दोनदा,
पहिला त्यानं माझ्या गणवेशावर थुंकला म्हणून.
म्हटलं, बाबा, माझे पाय सोड.
चौतीस वर्षं पालिकेच्या इस्पितळात मी लोकांचे धुतले,
आता कुणी माझे धुवायचे
म्हणजे हिशेब उलटा होतो.
तो हसला. म्हणाला, हिशेब ठेवलायस होय, मावशी?

ठेवला होता.
एकाच ओळीचा.

वॉर्ड सहा, पुरुष. बेड अकरा.
कुर्ल्याच्या बेकरीतला झुल्फिकार, पाय सुजून घागरीएवढे,
टाचेच्या भेगांत अजून मैदा.
रात्री अडीचला म्हणाला,
सिस्टर, पाँव ठंडे पड गये, थोडा गरम पानी.
गीझर बंद होता. स्टोव्ह होता, चार जिने खाली.
मी म्हटलं, सुबह देखेंगे.
तो बरं म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.
सकाळी गादी उलटी करून
खिडकीला टेकवली होती.

कुणी चौकशी केली नाही. करण्यासारखं काही नव्हतंच,
तो तसाही जाणार होता, डॉक्टर म्हणाले.
पापनिवेदनाला दर वर्षी गेले:
रागावले, जावेचा हेवा केला, उपास मोडला.
पाण्याचं मात्र जाळीपलीकडे कधी गेलं नाही.
ते पाप होतं की नुसती ड्यूटी,
मला ठरवता येईना,
आणि ठरत नाही तोवर सांगायचं नाही,
इतकी मी मानी.

बुधवारी रात्री न्हाणीत बसून
वज्रीनं टाचा घासल्या, लाल होईपर्यंत.
मोलकरीण यायच्या आधी
घर झाडून ठेवणाऱ्या बायका असतात,
तशी.

मग तो गुडघ्यांवर आला.
झग्याच्या आत त्याचे गुडघे कटकन वाजले, मला ऐकू आलं.
कंबरेला टॉवेल, पितळी तस्त,
माझा उजवा पाय त्याच्या हातात,
नसा फुगलेला, करंगळीचं नख गेलेला.
मी वर बघत राहिले, पंख्याकडे.
पेत्रही आधी नाहीच म्हणाला होता,
पण तो मोठा माणूस, त्याला बोलता तरी आलं.

तांब्या कलला.
पाणी कोमट होतं.

मी थंड पाण्याची तयारी करून बसले होते.
ओठ घट्ट मिटून, पाठ ताठ,
जसं आयुष्यभर बसले.
कोमट पाण्याला काय करायचं असतं
मला कुणी शिकवलं नव्हतं.
ते घोट्यावरून उतरलं, बोटांच्या बेचक्यांत गेलं,
आणि मी, वॉर्डातली मिस्किटा सिस्टर,
जिला मयताजवळ कुणी रडताना पाहिलं नाही,
पहिल्या बाकावरच्या लोकांसमोर
नाक ओढत रडले.

एल्टूनं वर पाहिलं नाही.
एवढं त्याला कळलं, देव त्याचं भलं करो.
पाय पुसला, चुंबन घेतलं,
आणि पुढच्या माणसाकडे सरकला, गुडघ्यांवरच.

आत कुणी काही म्हणालं नाही.
क्षमा केली, असा आवाज वगैरे आला नाही.
फक्त बेड अकराचे पाय
पहिल्यांदाच मला ऊबदार आठवले.
ते खरं नाही, मला माहीत आहे.
पण ते माझ्याकडून आलेलंही नाही.

मिस्सा सुटल्यावर मागच्या खोलीत
बाल्तझारला विचारलं, पाणी कुणी तापवलं?
तो तस्त पुसत होता.
म्हणाला, थंड लागलं की म्हातारे दचकतात,
गेल्या साली लोपीसबाबानं फादरला लाथच घातली.
म्हणून घरून किटली आणली.
का गं, जास्त गरम होतं?

नाही रे, म्हटलं. बरोबर होतं.

बाहेर गावच्या क्रुसापाशी कुणी मेणबत्त्या लावलेल्या.
चपला हातात घेऊन निघाले.
विधीत एकच पाय धुतात,
डावा तसाच राहतो.
एक धुतलेला, एक न धुतलेला,
दोन्ही घराकडे चालले होते.
शनिवारी पापनिवेदन आहे, साडेपाचला.