लाल शेरा

दांडिया बाजारातल्या आमच्या बँकेला
सरकारनं शेवटी हात दिला.
शटर अर्धं वर. रांगेत मीही,
एकतीस वर्षं आतून नोटा मोजलेला,
आज बाहेरून, टोकन मुठीत.

समोर मफतभाई चहा गाळतोय.
ब्याण्णव साली त्याचा अर्ज मीच परत केला होता.
हातगाडीसाठी चार हजार. ‘जामीनदार नाही.’
लाल शाई. अक्षर माझं चांगलं.

आता साबणावर, काडेपेटीवर,
खारीच्या पुड्यावर त्यानं भरलेल्या करातून
माझी ठेव सुटणार.

बुडू द्यायची होती बँक, असं नाही म्हणत मी.
सुलूचं ऑपरेशन आहे सोमवारी.

त्यानं कप पुढे केला.
सुट्टे नव्हते माझ्याकडे.
‘पैसा पछी आपजो, साहेब,’ म्हणाला,
जामीन कोण
ते न विचारता.