सूपभर दादर

चोपड्याला, तहसील कचेरीसमोर,
माझ्या अर्ज-झेरॉक्सच्या टपरीत दोघं कामाला आहेत.

एक महिन्याला दोन हजार घेतो,
राहतो कुठे ते मला माहीत नाही,
पण त्याचा पूर्णविराम कधी घसरत नाही.

दुसरा फुकटचा.
भाची यामिनीनं जळगावहून पेनड्राइव्हमध्ये आणला,
जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यात बसवला,
म्हणाली, मामा, हा आपला.
उघडून बघ, शिकव, तोड, जोड,
कुणी भाडं मागायला येणार नाही.

आपला म्हणजे कसा, तर
‘नमस्कार’ म्हणायला दीड मिनिट घेतो
आणि तेवढ्यात डबा असा तापतो
की वर नागलीचा पापड भाजून घ्यावा.
बाहेर पंचेचाळीस. आत हा.

नेट गेलं की पहिला मुका होतो.
लाइट गेली की दोघंही,
मग मी आपला कार्बन पेपर काढतो.

परवा सुपडू उखा कोळी आले,
तापीकाठच्या गावाहून, दोन गाड्या बदलून.
पेन्शन अडली होती. हयातीचा अर्ज हवा होता.

पहिल्यानं डोळ्याचं पातं लवायच्या आत लिहिला:
उपरोक्त विषयान्वये, सविनय, कृपावंत होऊन,
तहसीलदारानं उभं राहून वाचावा असा.
फक्त नाव घातलं, ‘सुपुत्र उखाजी कोळी’.
सुपडू ही त्याला टायपिंगची चूक वाटली.
मी सांगितलं. त्यानं माफी मागितली,
इतकी सुंदर, की मलाच ओशाळल्यासारखं झालं,
आणि खालच्या ओळीत पुन्हा सुपुत्र.

दुसऱ्याला विचारलं.
पंखा घरघरला, डबा तापला, आम्ही चहा प्यायलो.
नाव अगदी बरोबर. सुपडू. कान्यामात्रेसकट.
पुढे लिहिलं होतं:
‘मी अद्याप हयात असल्याबद्दल दिलगीर आहे.’

मी ते पुसणार, तर बाबांनी हात धरला.
मोठ्यानं वाचायला लावलं.
हसता हसता ठसका लागला त्यांना, पाणी द्यावं लागलं.
“खरं लिखेल शे भाऊ. मन्ही सूनले दाखाड.”

मग दोघांकडे बोट करून विचारलं,
हाई इकतनं, ते फुकटनं?
हो म्हटलं.
थोडा वेळ गप्प बसले.
म्हणाले, माले बी इकत लिधं व्हतं.

आधीची दोन पाळण्यातच गेली होती.
तिसऱ्याला आईनं सुपात घालून शेजारणीच्या ओट्यावर ठेवलं,
आणि सूपभर दादर मोजून परत घेतलं.
विकतचं पोर जगतं म्हणून.
शहाऐंशी वर्षं झाली त्या ज्वारीला.

अर्ज पहिल्याचाच दिला, खोटं कशाला बोलू.
नाव मी पेनानं दुरुस्त केलं.
वीस रुपये झाले. दहाची नोट माझ्या हातात ठेवली,
दहाचं नाणं, जे कंडक्टरनं घेतलं नव्हतं,
ते फुकट्याच्या डब्यावर टेकवलं.
“ली लिधं याले. आते जगी.”

यामिनी रविवारी आली. तिला सांगितलं.
ती हसली नाही. फाईल उघडली आणि मला विचारत
एकेक नाव टाकत बसली:
धुडकू, दगा, शेनफडू, लोटन, हिलाल, भिका.
ही माणसं आहेत, चुका नाहीत.
मध्येच म्हणाली, मामा, दगडू झालं का?
मी म्हटलं, तुझ्या पणजोबाचं नाव, आधी ते टाक.

तो शिकेल की नाही, सांगता येत नाही.
काल त्यानं हिलालला तालुक्याचं ठिकाण केलं.
विजेचं बिल साडेतीनशेनं वाढलंय,
म्हणजे फुकट तरी कुठे.
आणि पाच तारखेला मी पहिल्याचे पैसेही भरले,
या महिन्यात नाही भरणार म्हणता म्हणता.

नाणं मी उचललेलं नाही.
डबा विचारात पडला की ते थरथरतं,
पत्र्यावर बारीक वाजत राहतं.
गिऱ्हाईक विचारतं, काय वाजतंय?
मी म्हणतो, थांबा, लिहितोय.